कशानं मेलं ते सांग

आमच्या थोरल्या काकूच्या घरात कुठल्याही वस्तूला 'मेली' म्हणायची सोय नव्हती. कंदील लागेना, रहाटाचं चाक फिरेना, घड्याळ थांबलं, की आपण सहज म्हणून जातो, "मेलं हे." काकू असेल तिथून मान वळवायची. "मेलं म्हनू नगं. कशानं मेलं ते सांग." सांगता आलं नाही, की ती वस्तू ओसरीच्या मधोमध आढ्याला टांगली जायची. कारण सापडेपर्यंत तिचा मुक्काम तिथंच. त्यामुळं काकूकडं येणारा माणूस कधी कंदिलावर, कधी चाकावर कपाळ आपटून घ्यायचा. माझ्या कपाळाच्या डाव्या बाजूला एक खूण आहे. ती मुक्तिसंग्रामातली असावी असं पुष्कळांना वाटतं आणि मीही कुणाला मोडता घालत नाही. खरं म्हणजे ती एका बंद पडलेल्या शिवणयंत्राची आहे.

काकूचं नाव सत्यभामा. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची ती बायको. काका तरुणपणी तापानं गेले, मूलबाळ नव्हतं, आणि वाटण्या आधीच झालेल्या. काकूच्या वाट्याला घर आलं, दोन बैल आले आणि डोहाचं वावर आलं. हे वावर पूर्णेच्या वळणावर होतं. येलदरीचं धरण तेव्हा व्हायचं होतं, नदी आपल्या मर्जीनं वाहायची आणि वाहताना आमच्या काठाला दरसाल काळ्या मातीचा थर देऊन जायची. अशी माती तालुक्यात नव्हती. आणि अशी रानडुकरंही नव्हती. पलीकडच्या काठाच्या झाडीतून ती उतरत, पाणी ओलांडत आणि ज्वारीत अशी शिरत की जणू पेरणी त्यांनीच केली होती. त्या वावरात माणसानं राहायचं तर हातात काहीतरी पाहिजे. काकूच्या हातात रायफल होती.

रायफल आजोबांची, परवाना निजामाच्या वेळचा. दर गोळीला मागचा बोल्ट हातानं ओढून पुढं ढकलायचा, अशा जुन्या पद्धतीची. काकूचं माहेर वालूरचं. तिथं तिच्या वडिलांकडं असलीच एक रायफल होती, आणि त्यांनी मुलाला शिकवता शिकवता मुलीलाही शिकवलं. "भावाचा नेम चुकला की बाप मला उठवायचा, त्याला लाजवायला," काकू सांगायची. "त्यो लाजला न्हाई, पर मी शिकले."

पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि सगळ्यांची हत्यारं कचेरीत जमा झाली. बहुतेकांनी ती परत मागितलीच नाहीत. काकूनं रसीद पदराच्या गाठीला बांधली आणि दर बाजाराच्या दिवशी ती कचेरीत जाऊन बसायला लागली. तिथला पेशकार, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारा कारकून, हैदराबादेकडचा, जुन्या अंमलातला म्हातारा. तो वैतागून म्हणायचा, "बाईजी, बंदूक लेके क्या करते? घर में बैठके लोणचा डालो."

"डुकरं तुमच्या कचेरीत येत न्हाईत म्हनून इचारताव. एक धाडून देऊ का?"

अडीच वर्षांनी रायफल परत आली. नळीला तांबेरा, दस्त्याला वाळवीची सुरुवात आणि काडतुसांच्या पेटीला ओलीचा वास. काकूनं ती मांडीवर घेतली आणि दोन दिवस घासली. पदराच्या गाठीची जागा पुढं कायमची चुरगळलेली राहिली.

इथून पुढं या गोष्टीत मी येतो. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी मीच सांगतो, कारण दुसऱ्या कुणी सांगितली तर मी आहे त्याहून मूर्ख ठरतो. मी तेव्हा पंचविशीचा होतो. मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेला, त्यामुळं घरातला सुशिक्षित समजला जायचो. पत्रं लिहिणं, पंचांग बघणं आणि पूजा सांगणं ही खाती माझ्याकडं. बंदूक घरी आली त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी तिची पूजा यथासांग करायचं ठरवलं. शस्त्र वनवास भोगून आलं होतं, त्याचं मन राखायला हवं होतं. पाटावर विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि मधोमध रायफल मांडली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि लाकडी घाण्याचं, नुकतं काढलेलं करडईचं तेल बोल्टच्या फटीत वाटीभर सोडलं. विहिणीच्या डोक्यावर घालावं तसं. काकू शेतात होती. संध्याकाळी येऊन म्हणाली, "लय चकाकायलीय." मला धन्य वाटलं. पुढच्या वर्षी मी दीड वाटी घातलं.

तिसऱ्या खंडेनवमीनंतर, मार्गशीर्षातल्या एका पहाटे मी काकूबरोबर डोहाच्या वावरात होतो. सोबत म्हणून. ज्वारी हुरड्यावर आली होती, नदीवर धुकं होतं आणि थंडी अशी की बोलताना शब्द दिसत होते. तांबडं फुटताना ज्वारीची ताटं हलली आणि सुळेवाला एक थोराड डुक्कर बांधावर आला. तीस पावलांवर असेल. काकूनं बोल्ट पुढं ढकलला, दस्ता खांद्याला लावला, श्वास धरला आणि चाप ओढला.

टिच.

पाटीवर पेन्सिल टेकावी एवढाच आवाज. गोळी सुटली नाही. डुकरानं आमच्याकडं बघितलं. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आठवतं तेव्हा मी बाभळीवर होतो, आणि बाभळीला काटे असतात हे ज्ञान मला सर्वांगानं होत होतं. काकू जागची हलली नव्हती. नळी मोकळ्या मातीकडं वळवून ती ओठातल्या ओठात आकडे मोजत होती. न सुटलेली गोळी लगेच बाहेर काढायची नाही, ती उशिरा सुटू शकते, हे तिच्या वडिलांचं शिकवणं. समोर डुक्कर उभा असताना ती साठपर्यंत मोजत होती! डुकराला असा माणूस बहुधा आधी भेटला नसावा. तो फुरफुरला आणि ज्वारी तुडवत निघून गेला.

"उतर," काकू म्हणाली. "त्यो गेला."

"काकू, काडतूस मेलेलं होतं."

तिनं बोल्ट ओढून काडतूस तळहातावर घेतलं. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी टोपी असते. बोल्टच्या आतली सुई सुटून तिच्यावर आपटली की ठिणगी पडते आणि बार होतो. त्या टोपीवर राईच्या दाण्याएवढा खड्डा पडला होता. काकूनं ते माझ्यासमोर धरलं. "कशानं मेलं?"

मी काटे काढत राहिलो.

पुढच्या आठवड्यात पाच वेळा असंच झालं. कधी बार होई, कधी नुसतं टिच. मी सुशिक्षित असल्यामुळं उपाय लगेच सुचवला: तेल कमी पडतंय. आणि काकूच्या नकळत आणखी तेल घातलं. टिच वाढलं. मी आणखी घातलं.

बातमी वडिलांपर्यंत गेली. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांचा वहिनीवर जीव होता. डोहाच्या वावरावर किंचित जास्त होता. ते काकूच्या ओसरीत आले, कपाळ चुकवून बसले आणि म्हणाले, "वहिनी, बंदूक मेली. हात जोडतो, कचेरीत देऊन टाका. बाईमाणसानं पहाटेचं रानात उभं राहायचं, लोक मला काय म्हणतील? डोहाचं वावर मी करतो. वर्षाचे दाणे तुम्हाला घरपोच."

काकूनं डोईवरचा पदर सारखा केला. दिराशी ती नेहमी अदबीनं बोलायची. "भावजी, दाने घरपोच आले की मानूस घरातच कुजतंय."

"पण बंदूक चालत नाही त्याचं काय?"

"का चालत न्हाई ते तुमी सांगा. मी उद्या जमा करते."

दादांना सांगता येईना. पण परवान्याची मुदत त्याच महिन्यात सरत होती, आणि कचेरीत बोलता बोलता दादांच्या तोंडून बंदुकीचं दुखणं निघून गेलं. मुद्दाम नव्हे, ते मनानं तसे नव्हते. पेशकारानं मात्र ते नीट कानात ठेवलं. आठ दिवसांत हुकूम आला. नायब तहसीलदार साहेबांचा मुक्काम चारठाण्याला आहे. नेमलेल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत केव्हाही हत्यार घेऊन माळावर हजर व्हावं. साहेबांसमक्ष तीन बार करून दाखवावेत. हत्यार चालू असेल तर परवाना वाढवून मिळेल, नसेल तर तिथंच जमा करून घेण्यात येईल.

म्हणजे बंदूक गेली की रान गेलं, आणि रान गेलं की काकूनं चुलीपाशी बसून घरपोच दाण्यांची वाट बघायची. तिनं हुकूम माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी केली आणि म्हणाली, "गाडी जुंप. वालूरला जाऊन येऊ."

वालूरला तिच्या भावाकडं वडिलांची रायफल होती, त्यानंही ती कचेरीतून सोडवून आणलेली. काकूनं आमच्याकडं न सुटलेल्या काडतुसांतली दोन भावाच्या रायफलीत घातली आणि ओढ्याच्या दरडीत झाडली. दोन्ही सुटली. मग तिनं भावाची ती झाडलेली नळकांडी उचलली आणि आमचं एक न सुटलेलं काडतूस त्यांच्या शेजारी ठेवलं. भावाच्या सुईचा खड्डा ज्वारीच्या दाण्याएवढा, खोल, गोल. आमचा राईएवढा.

"काडतूस जित्तं हाय," ती म्हणाली. "मारनाऱ्याच्या अंगात जोर न्हाई."

"स्प्रिंग म्हातारी झाली असंल, ताई," भाऊ म्हणाला. "आपल्यावानी."

परतीच्या वाटेवर मीही तेच म्हणत होतो. स्प्रिंग म्हातारी झाली, नवी मिळणं शक्य नाही, तेव्हा दादा म्हणतात ते ऐकावं. घरी आल्यावर मी बंदूक अंगणात बाजेवर ठेवली, कारण मी घातलेलं तेल आता खाली ठिबकायला लागलं होतं आणि ते काकूच्या नजरेला पडू नये असं मला वाटत होतं. दुपारचं ऊन चढलं. काकू आली, बंदूक उचलली, नदीच्या दरडीपाशी गेली आणि चाप ओढला. बार झाला. दुसरा झाला. तिसराही झाला. मी आनंदानं ओरडलो, "बघा! तेलाचा गुण!" दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा दरडीपाशी गेली. टिच. टिच.

काकू दरडीवरच बसली. मग म्हणाली, "दत्तू, म्हातारी स्प्रिंग दुपारची तरनी होती का रे?"

मी म्हणालो, "हवामान..."

"उनानं जे सैल पडतं आन् थंडीनं जे आखडतं, ते लोखंड न्हाई. आत दुसरंच कुनीतरी बसलंय."

मला एकदम युक्ती सुचली. साहेबांनी दुपारपर्यंत केव्हाही या म्हटलं आहे. आपण बाराला जाऊ! वाटेत गाडीत बंदूक उन्हात उघडी ठेवू, तापलेली असतानाच तीन बार करू, परवाना घेऊ, घरी येऊ. एवढी व्यवहारी कल्पना मला आयुष्यात परत सुचली नाही.

काकूनं माझ्याकडं असं पाहिलं की मला बाभळीवरून उतरल्याची आठवण झाली. "आन् परवान्यावर काय लिवून घिऊ? 'फकस्त दुपारची चालंल'? डुक्कर दुपारी येत न्हाई, दत्तू. त्यो तांबडं फुटताना येतो. मी बी सायबाम्होरं तवाच जानार."

त्या सकाळी तिनं अंगणात जुन्या धोतराचं पांढरं फडकं अंथरलं, शेजारी राकेलची परात ठेवली. नळी रिकामी आहे हे आधी डोळ्यानं बघितलं, मग करंगळी घालून बघितलं. बोल्ट बाहेर काढला, मागचं टोपण फिरवलं आणि स्प्रिंगसकट सुई ओढायला लागली. येईना. निघता निघत नव्हती. शेवटी ती निघाली तेव्हा गुळाच्या पाकातून चमचा निघावा तशी तार सोडत निघाली. स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यांत पिवळा, चिकट, घट्ट राप बसला होता. त्यात लाल ठिपके होते.

काकूनं तो नखानं खरवडला, वास घेतला, आणि उठून देवघरापाशी गेली. दिवळीत जिथं करडईच्या तेलाचा दिवा जळायचा तिथल्या दगडावर बोट फिरवून परत आली. दोन्ही बोटं माझ्यापुढं धरली. दोन्हींवर तोच राप.

"ह्ये तेल उघडं पडलं की वाळून डिंक होतंय," ती म्हणाली. "दर अमुशेला राखुंडीनं आन् राकेलनं ही दिवळी घासून माजे हात गेले, मला कुनी शिकवायला नगं. पर ह्ये बंदुकीत गेलं कसं?" आणि मग लाल ठिपक्यांकडं बघत, "आन् बंदुकीला कुंकू कुनी लावलं, ती सवाशीन हाय व्हय?"

मी जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. वाटी, दीड वाटी आणि त्यानंतरच्या मोजदाद नसलेल्या वाट्या. मला वाटलं, आता परातीसकट राकेल अंगावर येणार. काकू ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अडीच वर्सं सरकारच्या कोठीत पडली, तिला कायबी झालं न्हाई," ती म्हणाली. "आन् घरी आनून तू तिला पूजंनं मारलीस."

"मेली म्हणू नको," मी पुटपुटलो.

"कारन घावलं की म्हनता येतं," ती म्हणाली. "चल, घास."

त्या दिवशी मी परात पुढ्यात घेऊन लिंबाच्या काडीनं स्प्रिंगचा वेढा न् वेढा घासला. परातीत हळद उतरली, कुंकू उतरलं. शेवटी सगळं फडक्यानं कोरडं पुसून काकूनं शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेतला, सुईवरून फिरवला आणि तोही पुसून टाकला. "एवढंच," ती म्हणाली. "देव आसंल तर त्याला एवढं पुरतं."

ठरल्या दिवशी आम्ही अंधार असतानाच निघालो आणि उजाडताना चारठाण्याच्या माळावर पोचलो. पौषातली थंडी. काकूनं घोंगडी मला दिली होती आणि बंदूक मात्र मुद्दाम उघडी ठेवली होती. दव खाऊन नळी अशी गार पडली होती की हात लावला तर चटका बसावा. दादा आधीच येऊन थांबले होते. पेशकार मफलर गुंडाळून उभा होता. साहेब तरुण होते, बाहेरगावचे, चहाचा कप हातात घेऊनच आले.

"बाई, दुपारपर्यंत केव्हाही चाललं असतं," ते म्हणाले.

"मला चाललं नसतं," काकू म्हणाली, आणि पदरातून तीन काडतुसं काढली. ही तीच, आमच्या बंदुकीत न सुटलेली, राईएवढा खड्डा पडलेली. मी हळूच म्हणालो, "काकू, चांगली घे ना." ती मोठ्यानं म्हणाली, "भावजी याला मेलेली म्हनत होते. त्यांच्याच डोळ्याम्होरं जाऊ दे."

मातीच्या बंधाऱ्याकडं तोंड करून तिनं पहिला बार केला. माळावरचे कावळे उठले. दुसरा केला. साहेबांनी कप खाली ठेवला. तिसऱ्यांदा तिनं चाप ओढला.

टिच.

काकू नळी बंधाऱ्याकडं धरून आकडे मोजायला लागली. एक, दोन, तीन. ते साठ आकडे मी जेवढे कान देऊन ऐकले तेवढा कान देऊन कुठल्या परीक्षेचा निकालही ऐकला नाही. दादांनी निःश्वास सोडला. त्यात सुटका होती की दुःख, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पेशकारानं वही उघडली. "बाईजी, कायको जिद करते? जमा कर देव, रसीद ले लेव."

साठ झाले. काकूनं बोल्ट ओढला, काडतूस तळहातावर घेतलं, पहिली दोन रिकामी नळकांडी जमिनीवरून उचलली आणि तिन्ही साहेबांसमोर धरली. "सायब, खड्डे बगा."

साहेबांनी बघितले. तिन्हींवर ज्वारीच्या दाण्याएवढे, खोल, गोल खड्डे होते.

"सुईनं तिचं काम केलंय," काकू म्हणाली. "ही टोपीच मेलीय. ह्या टायमाला मी सोता म्हनते, मेलीय."

साहेब हसले. "कशानं मेली, बाई?" त्यांना तिची म्हण ठाऊक नव्हती, सहज विचारलं.

"अडीच वर्सं वलीत पडली होती. कुठं, ते मी सांगत न्हाई. पेशकारसायबाला ठाव हाय."

पेशकारानं मफलर नाकावर ओढला. साहेब थोडे गंभीर झाले. "पण हुकमात तीन बार लिहिलंय, बाई. दोनच झाले."

काकूनं पदर खोचला. तिचा आवाज चढला नाही. "हुकमात हत्यार चालू पायजे आसं लिवलंय. ह्या पोरानं मला दोनदा वाचून दावलंय. काडतूस अमर पायजे आसं त्यात कुठं लिवलंय, तेवढं दावा. मी बंदूक हितं ठिवून पायी घरी जाते." आणि उत्तराची वाट न बघता तिनं चौथं काडतूस घातलं, वालूरहून आणलेलं, आणि बार केला. बंधाऱ्याची माती उडाली. धूर विरल्यावर ती म्हणाली, "आनखी पायजे आसले तर दिवसभर हाय मी."

साहेबांनी परवाना मागितला आणि पेशकाराच्या पाठीवर ठेवून सही केली. मग कुतूहलानं विचारलं, "पण आधी बिघाड होता म्हणे. काय होतं?"

काकूनं माझ्याकडं बघितलं. दादांनी माझ्याकडं बघितलं. मी घोंगडीत जमेल तेवढा शिरलो.

"काय न्हाई सायब," काकू म्हणाली. "घरात भक्ती जास्त झाली होती."

परतताना दादा आमच्याच गाडीत बसले. अर्धा कोस गेल्यावर म्हणाले, "वहिनी, औंदा हुरड्याला बोलवा." डोहाच्या वावराचा विषय त्यांनी परत काढला नाही. आणि हुरड्याला आले तेव्हा बांधावर काकूच्या खालच्या अंगाला बसले.

पुढं पाच-सहा वर्षं काकूनं ते वावर केलं. दर खंडेनवमीला ती स्वतः पाटाशी येऊन बसायची, माझ्या हातातली वाटी काढून घ्यायची आणि म्हणायची, "फूल वाह्य. हात जोड. मागं सर." मी मागं सरत असे.

ती गेली ती धरणाची मोजणी चालू झाली त्या पावसाळ्यात. मोजणीवाल्यांशी भांडायला भिजत रानात गेली आणि ताप घेऊन आली. लोक म्हणाले, काळ आला. मी डॉक्टरांना वाटेत गाठून विचारलं, कशानं? त्यांनी सांगितलं, फुप्फुसाला सूज. दुसऱ्या कुणाला ऐकवायला नव्हतं ते. पण न विचारता मला तिला खांदा देता आला नसता.

परवाना तिच्या नावावर होता, त्यामुळं रायफल कचेरीत जमा करायला मी गेलो. पेशकार बदलला होता. नवा कारकून तरुण, घाईतला. त्यानं रायफल नुसती उलटीपालटी केली आणि रकान्यात लिहिलं: 'जुनी, निकामी.' वही माझ्याकडं सरकवली. "करा सही."

मी आयुष्यात कुठल्या कचेरीत आवाज केलेला नाही. दोनदा नापास झालो तेव्हाही गुणपत्रिका 'आभारी आहे' म्हणून घेतली होती. पण पेन उचलेना. मी म्हणालो, "निकामी कशानं?"

"अहो, जुनी आहे."

"जुनी हे वय झालं. कशानं निकामी ते लिहा, मग सही करतो."

मागं रांग होती. ती कुरकुरायला लागली. कारकुनानं मला वरून खालपर्यंत पाहिलं, बोल्ट काढला, आतून बघितलं. काकूनं अखेरच्या आजारापूर्वी पुसलेला, कोरडा, स्वच्छ. त्यानं बोल्ट परत बसवून रिकामा चाप ओढला. खट्. टिच नव्हे, खट्. भिंतीवरची पाल हलली.

त्यानं 'निकामी' खोडलं, वर 'चालू' लिहिलं. मी सही केली.

त्या वर्षी खंडेनवमीला मी पाटावर विळा, कोयता, फाळ मांडला. मधली जागा मोकळी ठेवून तिथं एक झेंडूचं फूल ठेवलं. बायकोनं सवयीनं तेलाची वाटी आणून दिली. मी ती घेतली, आणि दिवळीतल्या दिव्यात नेऊन ओतली.